पोकलेन येण्याआधी मासे मोजा

ओढ्याचं काम पुरं झालं की काठावर फलक लागतो. त्यावर लांबी असते, किती घनमीटर गाळ काढला ते असतं, खर्चाचा आकडा असतो. कामाआधी त्या ओढ्यात कोणते मासे होते आणि तीन वर्षांनी त्यांतले कोणते उरले, हे फलकावर नसतं. कारण ते कुणी मोजलेलंच नसतं. तरी त्या कामाला 'पुनरुज्जीवन' म्हटलं जातं. जीव परत आला की नाही हे न पाहता हा शब्द वापरू नये, आणि ज्या कामाच्या अंदाजपत्रकात मासे मोजण्याची तरतूद नाही त्या कामाला या नावाखाली पैसाही मिळू नये, असं आमचं म्हणणं आहे.

पाणी साठवणं वाईट आहे असा याचा अर्थ नाही. शेताला, विहिरीला पाणी हवंच. पण मग त्याला जलसाठ्याचं काम म्हणावं आणि विहिरींच्या पातळीवर त्याची परीक्षा घ्यावी. नदी-ओढा जिवंत करतो असा दावा केला की परीक्षा बदलते, आणि तिचा निकाल ओढ्यात राहणारे जीवच देऊ शकतात.

हा दोष एकट्या आपला नाही. अमेरिकेत २००५ साली नदी-ओढ्यांच्या पुनर्स्थापनेच्या ३७,००० हून अधिक प्रकल्पांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांतल्या जेमतेम १० टक्के नोंदींत कामानंतर काही मोजमाप झाल्याचा उल्लेख होता. वर्षाला १ अब्ज डॉलरहून जास्त खर्च होत असताना ही अवस्था. श्रीमंत देशानं केलेली ती चूक आपण आपल्या तुटपुंज्या निधीतून पुन्हा करण्यात शहाणपण नाही.

माशाला ओढ्यात काय लागतं ते आधी पाहू. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांच्या वरच्या ओढ्यांत एकाआड एक डोह आणि गोट्यांवरून खळाळणारं उथळ पाणी अशी रचना असते. धावत्या पाण्यात ऑक्सिजन मिसळतो, गोट्यांवर शेवाळ धरतं, फटींत किड्यांच्या अळ्या राहतात. मळ्या मासा त्या दगडांना चिकटून शेवाळ खरवडतो, मुरी वाळू-गोट्यांत दडते. उन्हाळ्यात प्रवाह आटला की सगळ्यांचा आसरा डोह. पात्रात उगवणारी शेरणी आणि काठावरची करंज, जांभूळ, उंबर पाण्यावर सावली धरतात आणि पुरात मुळांच्या जाळीत पिल्लांना आडोसा देतात. मासे पाहून नदी ओळखणारी माणसं इथे पूर्वीपासून आहेत. विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णनं छापली, तेव्हा इथल्या लोकांच्या तोंडची नावंच लॅटिनच्या शेजारी बसवली. महाशीरच्या जातीतल्या खडशीचं 'खुद्री', कोळशीचं 'कोलस', मळ्याचं 'मुल्ल्या' ही नावं आजही जगभर चालतात.

पोकलेननं ओढा सरळ, सपाट आणि सारख्या खोलीचा केला की ही सगळी रचना एका आठवड्यात जाते. गोटे गाळासोबत ट्रॉलीत भरले जातात, शेरणी उपटली जाते, काठ उभे कापले जातात. पहिल्या पावसात ते काठ ढासळतात आणि ती माती उरलेल्या फटी बुजवते. पाणी दिसतं भरपूर, पण मळ्याला त्यात बसायला दगड नसतो.

आता अडचणीचा भाग. इतकं सगळं करूनही त्या ओढ्यात जाळं टाकलं तर मासे पूर्वीपेक्षा जास्त मिळू शकतात. मासे वाढल्याची बातमी होते, आणि ती खोटी असू शकते. इथे भली माणसंसुद्धा फसतात, म्हणून जरा सावकाश पाहू.

जाळ्यात आलेले मासे आणि ओढ्यात असलेले मासे हे दोन वेगळे आकडे आहेत. गोटे, मुळं आणि कपारी असलेल्या पात्रात फेकजाळं तळाला नीट बसत नाही, बरेच मासे निसटतात. तेच पात्र गुळगुळीत केलं की त्याच जाळ्यात, तेवढ्याच फेकींत बरेच जास्त मासे येऊ शकतात. मासे तेवढेच असतात, त्यांची लपायची जागा गेलेली असते. उलटही घडतं. कुणी चांगल्या हेतूनं पात्रात मोठे दगड आणि झाडांचे बुंधे टाकून आडोसे तयार केले तर मासे पकडणं अवघड होतं, आकडा खाली येतो, आणि चांगलं काम फसलं असं ठरतं. म्हणून नुसती पकड मोजून भागत नाही. दर फेरीला किती टक्के मासे हाती लागतात तेही काढावं लागतं.

त्याची रीत सोपी आहे. ओढ्याचा ठरावीक तुकडा निवडायचा. लांबी पाण्याच्या रुंदीच्या निदान २० पट, म्हणजे ५ मीटर रुंद ओढ्यात १०० मीटर. दोन्ही टोकांना ५ मिलिमीटर आसाची (छिद्राची) अडवजाळी लावायची आणि तळाशी गोटे रचून फट बंद करायची. मासे निसटतात ते बहुतेक इथूनच. मग तीच माणसं, तीच जाळी, तेवढाच वेळ अशा तीन फेऱ्या करायच्या. प्रत्येक फेरीचे मासे वेगळ्या टबात ठेवायचे, मधे परत सोडायचे नाहीत. समजा, पहिल्या फेरीत ६४ मिळाले, दुसऱ्या फेरीत ३२, तिसऱ्या फेरीत १६. प्रत्येक वेळी उरलेल्यांपैकी निम्मे हाती लागतात हे उघड झालं. हाती आलेले ११२, पण तुकड्यात मुळात असलेले सुमारे १२८. पुढच्या वर्षी पात्र बदललं आणि फेऱ्या ४०, ३०, २२ अशा आल्या, तर पहिल्या फेरीत मासे कमी दिसले तरी एकूण अंदाज १६० च्या घरात जातो, कारण आता दर फेरीला चौथा हिस्साच हाती लागतो आहे. नुसत्या पहिल्या फेरीवर विसंबणारा इथे नेमका उलटा निष्कर्ष काढेल.

खोल डोहात ही रीत चालत नाही. तिथे खुणेची पद्धत वापरावी. ५० मासे पकडून शेपटीच्या पराचा अगदी छोटा कोपरा कापायचा, सोडून द्यायचे. दोन-तीन दिवसांनी पुन्हा जाळं टाकायचं. ६० मासे मिळाले आणि त्यांतले १५ खुणेचे निघाले, तर डोहात ५० गुणिले ६० भागिले १५, म्हणजे सुमारे २०० मासे आहेत. मधल्या काळात डोहात मासे आले-गेले नाहीत असं यात गृहीत असतं, म्हणून पाऊस पडला तर तो दिवस सोडून द्यावा.

दुसरा फसवा प्रश्न असा की मासे वाढले की नुसते गोळा झाले? अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये सहा ओढ्यांत पात्रात आडवे ओंडके टाकून कित्येक वर्षं ट्राउट मासे मोजले गेले. ओंडक्यांनी डोह तयार झाले आणि मोठे मासे वाढले, यात शंका राहिली नाही. पण खुणा केलेल्या माशांवरून कळलं की ही वाढ मुख्यतः बाहेरून आलेल्या माशांची होती. चांगली जागा पाहून मासे तिथे जमले. जमणं वाईट नाही, पण ती जन्मानं झालेली वाढ नव्हे. आपल्याकडे उन्हाळ्यात खोल केलेल्या एका तुकड्यात मासे दाटीनं दिसतात, कारण वरखालचा अर्धा किलोमीटर ओढा आटलेला असतो. म्हणून केलेल्या कामाच्या वर आणि खालीसुद्धा एकेक तुकडा मोजावा, आणि प्रत्येक माशाची लांबी मिलिमीटरमध्ये घ्यावी. लांबीचा तक्ता मांडला की त्या वर्षीची पिल्लं वेगळी उठून दिसतात. पिल्लंच नसतील तर तो ओढा पाहुण्यांवर चालला आहे.

तिसरा प्रश्न: कोणते मासे? कावेरीचं उदाहरण प्रत्येक मत्स्यबीज सोडणाऱ्यानं लक्षात ठेवावं. लोणावळ्याजवळच्या केंद्रात तयार झालेली आपली खडशी संवर्धनाच्या चांगल्या हेतूनं कावेरीत नेऊन सोडली गेली. गळानं पकडून परत सोडणाऱ्यांच्या नोंदी पाहिल्या तर तिथल्या महाशीरची एकूण संख्या वाढत गेली. पण ती वाढ पाहुण्या खडशीची होती. कावेरीचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला महाशीर त्याच काळात जवळजवळ दिसेनासा झाला आणि २०१८ मध्ये अतिसंकटग्रस्त ठरला. कुणी नुसतं 'महाशीर' म्हणून एकच आकडा लिहिला असता तर ही हानी यशाच्या रकान्यात गेली असती. आपल्या जिल्ह्यात कटला, रोहू, मृगळ तलावांत आणि नद्यांत सोडले जातात. ते मूळचे गंगेच्या खोऱ्यातले आहेत. डासांसाठी नाल्यात सोडलेले गप्पी आणि सगळीकडे पसरलेली चिलापी तर परदेशी. या सगळ्यांची बेरीज करून 'मासे वाढले' म्हणणं म्हणजे रानात निलगिरी लावून जंगल वाढलं म्हणण्यासारखं आहे. नोंदवहीत प्रत्येक जात वेगळी हवी, आणि मूळच्या व बाहेरच्या माशांची बेरीजही वेगळी.

चौथी अडचण पावसाची, आणि ती कोल्हापूरकराला समजावून सांगायची गरज नाही. कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगा या दोन्हींच्या फार वर गेली. समजा, एखाद्या ओढ्यात २०१८ मध्ये मासे मोजले, २०१९ च्या उन्हाळ्यात काम झालं आणि २०२० मध्ये पुन्हा मोजले. मधे महापूर. जो फरक दिसेल तो कामाचा की पुराचा, हे त्या दोन आकड्यांवरून कधीच सांगता येणार नाही. म्हणून तुलनेचा ओढा लागतो. काम न होणारा, शेजारचा, त्याच पावसाच्या पट्ट्यातला, तेवढ्याच उताराचा. गगनबावड्याच्या ओढ्याला शिरोळकडचा ओढा तुलनेला धरून चालणार नाही. तिकडे पाऊस हजारो मिलिमीटर, इकडे काही शेंवर. समजा, काम होणाऱ्या ओढ्यात दर १०० मीटरला सरासरी ४० मासे होते ते ६० झाले. छान वाटतं. पण तुलनेच्या ओढ्यात त्याच वर्षांत ३८ चे ५५ झाले असतील, तर २० पैकी १७ ची वाढ चांगल्या पावसाची. कामाच्या पदरात पडतात ३. हा वजाबाकीचा हिशेब चौथीतल्या मुलालाही येतो, पण तुलनेचा ओढा मोजलेलाच नसेल तर वजा करायला आकडा नसतो. आणि कामाआधीचा आकडा काम झाल्यावर कितीही पैसे टाकून परत मिळत नाही.

कामाआधी निदान दोन वर्षं मोजावं, तीन असतील तर उत्तम. नंतर निदान पाच. ओढ्यातले मासे एरवीही एका वर्षात निम्मे होतात किंवा दुप्पट होतात, त्यामुळे एकेका वर्षाच्या आकड्यात काही तथ्य नसतं. मळ्या, मुरीसारखे छोटे मासे दोन-तीन वर्षांत उत्तर देतात. खडशी वयात यायलाच कित्येक वर्षं घेते. वर्षातून दोनदा जाळं टाकावं, पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि उन्हात मार्च-एप्रिलमध्ये. जून-जुलैत अंडी भरलेल्या माशांना हात लावू नये.

त्या दिवसांत पाहायचं ते वेगळं, आणि आमच्या मते कोल्हापुरात सर्वांत मोलाचं. पहिल्या पावसाचं गढूळ पाणी आलं की चढणीचे मासे निघतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून ओहोळात, थेट भाताच्या खाचरापर्यंत. अंडी घालण्यासाठीचा हा प्रवास एका-दोन आठवड्यांत उरकतो. त्याच्या वाटेत आपला कोल्हापुरी बंधारा उभा आहे. दगडी खांब, खांबांना खाचा, खाचांत दोन रांगांनी बसवलेले बरगे, म्हणजे फळ्या, आणि मधे माती. पावसाच्या तोंडावर बरगे काढायचे आणि पाऊस ओसरला की पुन्हा घालायचे, ही त्याची रीत. मोठ्या धरणाच्या तुलनेत माशांसाठी ही फार भली रचना आहे, कारण नेमक्या चढणीच्या वेळी दार उघडं असतं. असायला हवं. बरगे काढायला दहा दिवस उशीर झाला, किंवा खालच्या दोन ओळी गाळात रुतून तशाच राहिल्या, तर एका पिढीची वाट बंद होते. दुसरी गोष्ट बंधाऱ्याखालच्या फरशीची. वर्षानुवर्षं पाणी आदळून फरशीच्या पुढची माती वाहून जाते आणि पायरी तयार होते. खडशी उडी मारते, पण लहान माशांना वीतभर पायरीसुद्धा डोंगर असते, आणि फरशीवरचं पातळ, वेगवान पाणी त्यांना मागे ढकलतं.

यावर उपाय खर्चिक नाही. फरशीच्या पुढे मोठे दगड रचून २० फुटांना १ फूट असा उतार करायचा, मधे मधे विसाव्याच्या खळग्या ठेवायच्या. दगड पुरात हलू नयेत म्हणून खालची ओळ खडकात किंवा मातीत खोल रोवायची. बहुतेक उतार वाहून जातात ते ही ओळ वरवर ठेवल्यामुळे. याचं मोजमापही सरळ आहे. बंधाऱ्याच्या वरच्या बाजूच्या ओढ्यात ऑक्टोबरमध्ये पिल्लं किती आणि कोणत्या जातींची. दोन बंधारे उताराचे, दोन तसेच, आणि चारही ठिकाणी बरगे निघाल्याची तारीख लिहिलेली. पाच वर्षांत या जिल्ह्याकडे असं उत्तर असेल जे कोल्हापुरी बंधारा वापरणाऱ्या प्रत्येक नदीला उपयोगी पडेल. ही रचना आपण दुसऱ्यांना दिली. तिच्यातून मासा कसा जातो हेही आपणच शोधायला हवं.

एक गोष्ट मात्र मासे मोजून सुटणार नाही. पात्र कितीही सुंदर केलं आणि वरून एका रात्री मळीचं किंवा मैल्याचं पाणी आलं, तर सकाळी सगळे मासे पांढरी पोटं वर करून तरंगतात. त्यामुळे पाण्यातला ऑक्सिजन बरोबरीनं मोजावा, आणि तो सूर्योदयाआधी. दुपारी शेवाळ ऑक्सिजन सोडत असतं, तेव्हाचा आकडा नेहमी गोड येतो. पहाटे लिटरला ५ मिलिग्रॅमच्या खाली उतरायला लागला की मासे ताणात असतात, २-३ च्या खाली बहुतेक मरतात. ज्या ओढ्याचा पहाटेचा आकडा असा आहे तिथे दगड रचण्यावर पैसा घालू नये, आधी सांडपाणी अडवावं. हा क्रम उलटा झाल्यानं वाया गेलेला पैसा दगडांच्या नावावर जातो, हा दगडांवर अन्याय आहे.

हे सगळं करणार कोण, असं विचारलं जाईल. माणसं आहेत. भोई समाजातल्या जुन्या जाणत्यांना डोळे मिटून मासा ओळखता येतो. शिवाजी विद्यापीठात प्राणिशास्त्र आणि पर्यावरणशास्त्राचे विद्यार्थी दरवर्षी प्रकल्पासाठी विषय शोधतात. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती दिली आहे आणि लोकजैवविविधता नोंदवहीसुद्धा, जी बहुतेकदा एकदा भरून कपाटात जाते. दरवर्षीची माशांची नोंद तिच्यात गेली तर ती वही जिवंत राहील. भोयांना त्या दिवसांची पूर्ण मजुरी द्यावी. ज्ञान फुकट घ्यायचं आणि यंत्राला तासाचे पैसे मोजायचे, हे बरं दिसत नाही.

सामान थोडं लागतं. अडवजाळी दोन, फेकजाळं, ओढजाळं, बॅटरीवर चालणारे हवेचे पंप लावलेले टब, मिलिमीटरची पट्टी ठोकलेली फळी, ०.१ ग्रॅमपर्यंतचा काटा, तापमानाची दर तासाला नोंद ठेवणारं छोटं यंत्र, ऑक्सिजन मापक. मासा ओल्या हातानं धरायचा, टब सावलीत ठेवायचा, काम सकाळी उरकायचं, आणि मासा ज्या डोहातून घेतला तिथेच सोडायचा. ओळखीची शंका असेल तर पट्टीशेजारी ठेवून, पर पसरून, डाव्या बाजूचा फोटो घ्यायचा. राधानगरी अभयारण्यातल्या ओढ्यांसाठी वनविभागाची लेखी परवानगी आधी हवी. आणि इन्व्हर्टरची वायर पाण्यात सोडून मासे काढण्याचा प्रकार मोजणीच्या नावाखाली कुणीही करू नये. विजेनं मासे मोजण्याच्या शास्त्रीय उपकरणातला प्रवाह नियंत्रित आणि ठरावीक स्पंदनांचा असतो. घरगुती वीज मासा, त्याची पिल्लं आणि कधी कधी धरणाऱ्यालाही मारते.

पाण्याचा नमुना घेऊन त्यातल्या डीएनएवरून मासे ओळखण्याची पद्धतही आता आली आहे. जात आहे की नाही यासाठी ती चांगली, पण किती आहेत आणि पिल्लं आहेत का, हे ती खात्रीनं सांगत नाही. जाळ्याची जागा तिला देऊ नये.

मागणी नेमकी करायची तर अशी. 'पुनरुज्जीवन' या नावानं मंजूर होणाऱ्या प्रत्येक कामात दहा टक्के रक्कम मोजणीसाठी राखावी, ती दुसरीकडे वळवता येणार नाही अशा अटीनं. मोजणी काम करणाऱ्या ठेकेदाराकडे नसावी. कामाआधीच्या दोन वर्षांच्या नोंदी आणि तुलनेच्या ओढ्याचं नाव जोडल्याशिवाय कार्यादेश निघू नये. निकाल दरवर्षी ग्रामसभेत वाचावा, वाईट असला तरी. वाईट निकाल लपवला तर तीच चूक पुढच्या गावात, पुढच्या ओढ्यावर होते. दोन वर्षं थांबलो तर निधी परत जाईल, हे कारण नेहमी पुढे येतं. निधीच्या वर्षाला मार्च असतो, माशाच्या वर्षाला जून. दोन्ही बसवायचे तर मोजणी मंजुरीच्या आधी, छोट्या वेगळ्या तरतुदीतून सुरू करावी लागेल. ते शक्य आहे, कारण पहिल्या दोन वर्षांचा खर्च म्हणजे काही दिवसांची मजुरी आणि थोडं सामान.

ज्या ओढ्यावर दोन-तीन वर्षांनी काम धरायचं ठरलं आहे, तिथे पहिलं जाळं येत्या ऑक्टोबरमध्ये पडायला हवं, पाणी निवळल्यावर, बरगे बसण्याच्या आठवड्यात. त्याच दिवशी शेजारच्या ओढ्यातही.